१७ सेंटिमीटरचं पान, ७ सेंटिमीटरचा पडदा

(टेबलावर एक कॉमिक अंक, शेजारी फोन, शेजारी टॅब. पट्टी ठेवून मोजणारा हात.)

कॉमिक कागदावर घ्यावं की डिजिटल वाचावं? पट्टी घ्या आणि मोजा. अमेरिकेत दर बुधवारी दुकानात येणाऱ्या कॉमिक अंकाचं पान साधारण १६.८ सेंटिमीटर रुंद आणि २६ सेंटिमीटर उंच असतं. साडेसहा इंची फोन उभा धरला, तर पडद्याची रुंदी जेमतेम पावणेसात सेंटिमीटर भरते. म्हणजे ते पान फोनवर ४० टक्क्यांवर येतं. कागदावर संवादाच्या फुग्यातलं अक्षर अडीच मिलिमीटरचं असेल, तर इथे ते एकच मिलिमीटर उरतं. औषधाच्या खोक्यावरची सूचना वाचावी, तसं वाचन.

१०.१ इंची टॅबवर तेच पान ८१ टक्के दिसतं. संवाद आरामात वाचता येतात, फक्त मागच्या इमारतींच्या खिडक्या आणि शाईच्या बारीक रेघा जरा दाटतात. आणि १२.९ इंची, चारास तीन प्रमाणाचा टॅब असेल, तर पान अगदी छापील मापात बसतं. "डिजिटलमध्ये मजा नाही" म्हणणाऱ्याला आधी विचारावं, वाचलंस कशावर? बरेचदा त्याची तक्रार डिजिटल अंकाची नसते, खिशातल्या फोनची असते.

मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. त्यांचं गणित मात्र उलटं. इंग्रजीत येणारी मांगाची पुस्तकं साधारण १२.७ बाय १९ सेंटिमीटरची. म्हणजे १०.१ इंची टॅबवर पान छापील पुस्तकापेक्षा मोठं दिसतं! शिवाय बहुतेक मांगा काळ्या-पांढऱ्यात असल्यामुळे ई-इंकच्या, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याच्या, साध्या यंत्रावरही चालते. रंगीत ई-इंकवर फार विसंबू नका. त्यात काळं-पांढरं चित्र इंचाला ३०० ठिपक्यांचं, पण रंग १५० ठिपक्यांचे आणि फिकट. आणि कोरियातले वेबटून, म्हणजे ऑनलाइन कॉमिक्स, तर फोनसाठीच उभ्या पट्टीत रचलेले, तिथे हा प्रश्नच नाही.

(दोन पानांवर पसरलेलं चित्र. अंक उघडून टेबलावर सपाट ठेवला आहे.)

दुपानी चित्र हा खरा कस. कागदावर ते ३३.६ सेंटिमीटर पसरतं. १०.१ इंची टॅब आडवा केला तरी ते निम्म्यावर येतं, कारण उंची कमी पडते. पण कागदही दर वेळी जिंकत नाही. पिना मारलेला सुटा अंक सपाट उघडतो. तेच सहा अंक एकत्र करून, पाठीला गोंद लावून पुस्तक बांधलं की मधला भाग घडीत जातो, आणि चित्रकाराने नेमका तिथे चेहरा काढलेला असला तर तोही जातो. संग्रह घ्यायचा असेल, तर शिवण बांधणीचा बघा.

आणखी एक गंमत. छापील अंकात धक्का देणारी चौकट पान उलटल्यावर, डाव्या पानावर ठेवतात. ती समोरच्या पानावर असली तर नजर आधीच तिथे पोचते. पडद्यावर एका वेळी एकच पान दिसतं, त्यामुळे समोरचं पान चहाडी करत नाही. मात्र चौकटीमागून चौकट मोठी करून दाखवणारी सोय चालू केलीत, तर पानाची रचना मोडते. नऊ सारख्या चौकटींचं पान तिला सोसतं. एकमेकींवर चढलेल्या, तिरक्या चौकटींचं पान सोसत नाही. आधी पूर्ण पान बघा, मग हवं तर मोठं करा.

(कॅल्क्युलेटरवर आकडे.)

आता पैसे. अमेरिकी मासिक अंक ३.९९ डॉलरचा धरा. पाच मालिका घेतल्या, तर महिन्याला जवळपास २० डॉलर, वर्षाला २४०. टपाल वेगळं. पुण्यात किंवा पणजीत बसून मागवत असाल, तर दर आठवड्याला एकेक पाकीट मागवणं शहाणपणाचं नाही. महिन्याचे अंक एकत्र पाठवायला सांगा, नाहीतर टपाल अंकाच्या किमतीला ओलांडून जाईल.

दुसऱ्या बाजूला मार्व्हल अनलिमिटेड, मार्व्हल या प्रकाशकाची डिजिटल वर्गणी. २००७ पासून सुरू, महिन्याला ९.९९ डॉलर, म्हणजे वर्षाला १२० च्या घरात आणि जुन्या अंकांचं अख्खं कपाट उघडं. अट एकच: नवा अंक दुकानात आल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी इथे येतो. मित्रमंडळी त्या आठवड्यातच शेवट फोडून मोकळी होत असतील, तर हे तीन महिने फार लांब असतात.

मांगा वाचणाऱ्याला भारतात स्वस्त दार डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं. व्हिझ या प्रकाशकाने शोनेन जंप या मांगा नियतकालिकाचं इंग्रजी डिजिटल सभासदत्व महिन्याला १.९९ डॉलरला दिलं, आणि पहिल्याच देशांच्या यादीत भारत होता. दिवसाला १०० प्रकरणांची मर्यादा. पुढे दर २.९९ झाला, तरी छापील एका खंडाच्या किमतीत तीन महिने निघतात. इथे छापील वर्गणीची बाजू लढवण्यात अर्थ नाही. आवडलेली मालिका संपली की तिचे खंड घ्यावेत.

पण वर्गणीचे पैसे भरून तुम्ही काय विकत घेता? काहीच नाही, वाचायची परवानगी घेता. भाडं थांबलं की कपाट बंद. ते समजून घेतलं तर फसवणूक वाटत नाही. खरी गडबड "विकत घ्या" या बटणामागे असते. जेमांगा ही जपानी प्रकाशकांची इंग्रजी सेवा. अंक ब्राउझरमध्येच वाचायचे, उतरवून घेता येत नव्हते. ३० मे २०१३ ला सेवा बंद झाली, आणि पैसे देऊन घेतलेले अंकही दिसेनासे झाले. कॉमिक्सॉलॉजी तर डिजिटल कॉमिक्सचा मोठा बाजार होता. २०१४ मध्ये ॲमेझॉनने तो घेतला, २०२२ मध्ये दुकान ॲमेझॉनमध्ये मिसळलं, डिसेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र ॲप संपलं आणि अंक किंडल या ॲमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या ॲपमध्ये गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची सोयही गेली. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे: परवाना विकत असाल, तर तो परवाना आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा.

(संगणकाचा पडदा. फोल्डरमध्ये फायली.)

उलट उदाहरण ब्रिटनचं. टू थाउजंड एडी हे साप्ताहिक १९७७ पासून चालू आहे. त्याची डिजिटल वर्गणी घेतली की दर बुधवारी अंक कुलूप नसलेल्या पीडीएफ किंवा सीबीझेड फायलीत उतरवता येतो. ती फाइल तुमची. दुकान बुडालं तरी उघडते.

सीबीझेड म्हणजे काही जादू नाही. चित्रांची झिप फाइल, फक्त नाव बदललेलं. शेवटचं नाव बदलून झिप करा, आत पानं दिसतील. पानांचा क्रम चुकतो तो आकड्यांमुळे: १ नंतर थेट १०, मग २. पानांना ००१, ००२ अशी नावं द्या, क्रम जागेवर येतो. एक अंक ६५ एमबीचा धरला, तर वर्षाचे ५२ अंक साडेतीन जीबीच्या आत मावतात. दोन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

(कॉमिक्सचं दुकान. काउंटरमागे ग्राहकांच्या नावांच्या पाकिटांची रांग.)

छापील बाजूचं दुखणं वेगळं. दुकानदार तुमच्या नावाने अंक बाजूला काढून ठेवतो, पण त्याला प्रकाशकाकडे मागणी काही आठवडे आधी पक्की करावी लागते, आणि सहसा न खपलेले अंक परत जात नाहीत. म्हणून तो मोजून मागवतो. पहिला अंक आल्यावर नाव नोंदवलंत, तर दुसरा-तिसरा अंक हमखास हुकतो. शिवाय अनेक वर्षं बहुतेक सगळा माल एकाच वितरकाकडून, डायमंडकडून यायचा. एप्रिल २०२० मध्ये त्याने नवे अंक पाठवणं थांबवलं आणि २० मेपर्यंत बहुतेक बुधवार कोरडे गेले. जानेवारी २०२५ मध्ये त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला.

एवढं असूनही कागद सोडवत नाही. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० चालली, मराठीतही निघाली. तिचे जुने अंक आज बघायला मिळतात ते कुणीतरी ट्रंकेत जपले म्हणूनच. म्हणून आमचा हिशेब असा: चालू मालिका भाड्याने वाचा, फाइल हातात मिळत असेल तिथे डिजिटल विकत घ्या, आणि कागद फक्त दुसऱ्यांदा वाचाल त्याच मालिकेचा. दोनदा न वाचलेल्या अंकांची पेटी ही नुसती अडगळ.

(पावसाळा. खिडकीच्या काचेवर पाणी. कपाटात उभे लावलेले अंक.)

ती पेटी कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात असेल, तर शत्रू दमट हवा. लोखंडी पिना गंजतात, गुळगुळीत कागदाची पानं ओल लागली की एकमेकांना चिकटतात, जुन्या वर्तमानपत्री कागदाला कसर लागते. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी वापरा, पीव्हीसीची नको, तिचा चिकटपणा शाईला धरतो. मागे आम्लमुक्त पुठ्ठा. पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद करू नका, आतली ओल आतच राहते. अंक उभे आणि ताठ, तिरके राहिले की पाठ वाकते. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीपासून चार बोटं वर ठेवा.

अंक पिशवीत भरायचं काम मे महिन्यात, पाऊस यायच्या आधी. पेटीत रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे ठेवा. केशरी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये तापवून सुकवा आणि परत घाला. पावसाळाभर महिन्यातून एकदा पेटी उघडून मधल्या एखाद्या अंकाची पिन बघा. तिच्याभोवती तपकिरी डाग दिसला, तर तो अंक बाहेर काढा आणि शेजारचे दोन्ही तपासा.