आधी नक्कल, मग नोट्स

पत्रिकेवर माझ्या विषयापुढे ‘इंग्रजी साहित्य शिकवण्याच्या पाच वाटा’ असं छापलंय. पाचही सांगते. पण आधी ही कागदाची पट्टी बघा. मागे दिसत नसेल, हातोहात पुढे सरकवा.

आपल्या संगीत नाटकमंडळ्यांत हिला नक्कल म्हणायचे. नटाला अख्खं नाटक कुठलं मिळायला, त्याला त्याच्या भाषणांची नक्कल मिळायची. शेक्सपिअरच्या लंडनमध्येही हाच रिवाज होता. अख्खं नाटक प्रत्येकासाठी हातानं उतरवत कोण बसणार? म्हणून नटाला फक्त त्याची वाक्यं आणि प्रत्येकाआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. एडवर्ड ॲलन या नटाची अशी एक नक्कल लंडनच्या डलिच कॉलेजात आजही जपलेली आहे. समोरचा किती वेळ बोलणार हे नक्कल सांगत नाही. त्यामुळे कान देऊन ऐकावंच लागतं. आणि ऐकणं हेच तर आपल्या इंग्रजीच्या तासाला होत नाही!

आपल्याकडे काय होतं ते या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. कवितेचं रसग्रहण आलं की मुलं लिहून मोकळी होतात, ‘द लँग्वेज इज सिंपल अँड ल्यूसिड’. कविता कुठलीही असो. कविता वाचायच्या आधी हे वाक्य पाठ झालेलं असतं. मी स्वतः दहावीला असंच लिहिलं आणि चांगले मार्क मिळवले. ती कविता मी पुढे कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा वाचली, आणि मला रडू आलं. हे माझ्या मुलांच्या वाट्याला येऊ नये, एवढंच मला वाटतं.

तर नववी ‘ब’. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मधला तिसऱ्या अंकातला सभेचा प्रवेश. सीझरचा खून झालाय, आणि जमावापुढे आधी खुन्यांतला ब्रूटस बोलतो, मग सीझरचा मित्र अँटनी. पुस्तकात नाही, मी मुद्दाम घेते. अर्थ सांगितला नाही, शब्दार्थ दिले नाहीत, फक्त नक्कला वाटल्या. तुमच्या हातात फिरतेय ती जमावातल्या एकाची, शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला मिळाली. वर्षभर त्यानं हजेरीपलीकडे तोंड उघडलं नव्हतं. वर ‘विथ हिज ॲन्सेस्टर्स’, खाली त्याचं वाक्य, ‘लेट हिम बी सीझर’. चार शब्द. त्याची पाळी आली, तो बोलला आणि उभाच राहिला. मग मराठीत म्हणाला, “बाई, असं कसं? सीझर राजा होईल म्हणून ब्रूटसनं त्याला मारलं ना? आणि आम्ही आता ब्रूटसलाच सीझर करा म्हणतोय?”

मी खडू खाली ठेवला. अख्ख्या नाटकाचं मर्म त्या पोरानं चार शब्दांत पकडलं होतं. आणि तो ‘ते लोक’ म्हणाला नाही बरं का, ‘आम्ही’ म्हणाला.

मग अँटनी आला. भाषणाच्या पहिल्या भागात चार वेळा तो ब्रूटसला ‘ऑनरेबल’ म्हणतो. एका मुलीनं विचारलं, म्हणजे सन्माननीय का, आपल्याकडे सभेत म्हणतात तसं? तिला म्हटलं, तसंच म्हण. पहिल्यांदा खरोखर आदरानं म्हणाली. चौथ्यांदा ‘सन्माननीय ब्रूटस’ म्हणाली तेव्हा वर्गातली मुलं बाकं बडवत होती. उपरोध हा शब्द मी अजून फळ्यावर लिहिलाच नव्हता. शेजारच्या वर्गातून आवाजाची तक्रार आली, ती मी ऐकून घेतली. पण तास थांबवला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. उरलेल्या चार वाटा भराभर सांगते.

दुसरी वाट अनुवादाची. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ म्हणून 1883 मध्ये मराठीत आणलं. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ 1890 मध्ये केलं. मूळ आणि मराठी शेजारी ठेवा, एकच भाषण, आणि मुलांना विचारा की काय सुटलं, काय नवीन आलं. इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं तर बिघडतं, ही भीती कृपा करून सोडा.

तिसरी. कवितेतला एक शब्द झाका. मुलांना आपापला शब्द घालू द्या, मग कवीचा दाखवा. कवीनं तोच का निवडला यावर भांडू द्या. रसग्रहण तिथंच सुरू होतं.

चौथी. याच नाटकात सिना नावाच्या कवीला जमाव नुसत्या नामसाधर्म्यावरून धरतो. मी कटातला सिना नव्हे, कवी आहे, असं तो सांगतो, तर त्याच्या वाईट कवितांसाठी फाडा म्हणतात. याची दुसऱ्या दिवशीच्या पेपरसाठी बातमी लिहायला सांगा. जमावातलाच एक जण तोंड लपवून मुलाखत देतोय, अशीही लिहितात मुलं.

पाचवी, रसग्रहण लिहायचंच आहे, परीक्षा आहे. पण सगळ्यात शेवटी, आणि पहिलं वाक्य ‘मला ऐकू आलं’ असं सुरू करून.

ती पट्टी आता कोणाकडे आहे? परत नको, ठेवा. कोणी ‘विथ हिज ॲन्सेस्टर्स’ म्हणालं की तुमची पाळी.