शेअरची पट्टी

नमस्कार, श्रोतेहो.

माझी सगळी नोकरी मार्केट यार्डात गेली, गुळाच्या एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून. शेतकरी रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, घेऊन यायचा, सौदा व्हायचा आणि मग मी त्याच्या हातात पट्टी द्यायचो. वजन इतकं, दर इतका, हमाली-तोलाई वजा जाता हाती इतके. जाणता शेतकरी सौद्यातला दर ऐकून हुरळायचा नाही. पट्टीचा शेवटचा आकडा बघितल्याशिवाय तो चहाला हात लावायचा नाही.

निवृत्तीनंतर पोरानं मला शेअर घ्यायला-विकायला बँकेचं थ्री-इन-वन खातं काढून दिलं. सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणारी आमची मंडळी त्यावर एकच प्रश्न विचारतात : बँकेचंच हाय म्हटल्यावर काळजी नाही न्हवं?

तर ऐका. यात खाती तीन. बचत खातं ही तुमची तिजोरी, सौदा करायचं ट्रेडिंग खातं हे अडत्याचं दुकान आणि शेअर ठेवायचं डिमॅट खातं हे गोदाम. सोय अशी, की खरेदी होईपर्यंत पैसे बचत खात्यातच राहतात आणि त्यांवर व्याज सुरू असतं. काही बँकांत मात्र शेअरसाठीची रक्कम आधी बाजूला राखावी लागते. ती राखायची विसरली की ऑर्डर नाकारली जाते आणि आपण फोनला शिव्या देत बसतो.

पण दुकान बँकेच्या नावाचं असलं, तरी मोठ्या बँकांत दलालीचं काम बहुधा बँकेची वेगळी उपकंपनी करते. म्हणून शाखेतल्या काउंटरवर ऑर्डरबद्दल विचारलं, तर तिथली मुलगी गोड हसून हेल्पलाइनचा नंबर देते. तुमच्या शेअरची नोंदही बँकेच्या वहीत नसते. ती असते १९९६ साली सुरू झालेल्या एनएसडीएलकडे, नाहीतर १९९९ साली सुरू झालेल्या सीडीएसएलकडे; शेअरची नोंद ठेवणाऱ्या या दोन संस्था. आणि ठेवीला जो ५ लाखांपर्यंत विमा असतो, तो शेअरला नाही. भाव पडला, तर बँक भरून देणार नाही.

आता ऑर्डर. इथं मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो, दुपारी साडेतीनला बंद होतो. एका छोट्या कंपनीचा शेअर मला ८४ रुपयांवर दिसत होता. बरोबर सव्वानऊला मी ५० शेअरची ‘मार्केट’ ऑर्डर टाकली. मार्केट ऑर्डर म्हणजे, समोर विकणारा जो मागेल तो भाव मला कबूल. त्या शेअरला विकणारेच थोडे. १० शेअर साडेचौऱ्याऐंशीनं मिळाले, २० सत्त्याऐंशीनं आणि उरलेले २० नव्वदनं. सरासरी पडली ८७ रुपये ७० पैसे. चूक पूर्णपणे माझी. सौद्यात उभं राहून ‘कितीबी लाव, घेतो’ असं ओरडणारा व्यापारी मी जन्मात बघितला नव्हता, आणि म्हातारपणी घरात खुर्चीवर बसून मीच तसं ओरडलो.

तेव्हापासून मी ‘लिमिट’ ऑर्डर टाकतो. ८४ म्हणजे ८४, त्याहून एक पैसाही जास्त देणार नाही. मिळाला तर मिळाला, नाहीतर साधी ऑर्डर दिवस संपला की आपोआप रद्द होते. स्क्रीनवर घेणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे पहिले पाच-पाच भाव दिसतात, ते आधी बघावेत. जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे, बाजूला उभ्या माणसालाही पत्ता लागायचा नाही. इथं सगळं उघड्यावर मांडलेलं असतं, फक्त बघायची तसदी घ्यावी लागते.

आणखी एक बटण जपून दाबा. ‘डिलिव्हरी’ म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवायचा, आणि ‘इंट्राडे’ म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकायचा. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी ठेवायला म्हणून शेअर घेतले, पण खूण राहिली इंट्राडेवर. बाजार बंद व्हायच्या आधी ते आपोआप विकले गेले. हे संध्याकाळी डिमॅट उघडून बसलेले, आणि गोदाम रिकामं. डिलिव्हरीत घेतलेला शेअर लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात येतो; जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरना हाच नियम आहे.

फ्युचर-ऑप्शनबद्दल, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावावर आजच केलेल्या सौद्यांबद्दल, मी फार बोलणार नाही. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं मांडला, तर फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी शंभरातले ९३ तोट्यात निघाले. खातं काढताना तो विभाग सुरू करायचा का, असं विचारतात. मी नको म्हणालो.

आता पट्टी. सौद्यानंतर २४ तासांच्या आत मेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट येते. कुलूप लावलेली फाइल असते, बहुतेक वेळा पॅन नंबर टाकला की उघडते. नव्वद टक्के मंडळी ती उघडतच नाहीत, असा माझा कट्ट्यावरचा अंदाज. समजा तुम्ही २०,००० रुपयांचे शेअर घेतले आणि दलाली अर्धा टक्का आहे. दलाली झाली १०० रुपये, तिच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १८. एसटीटी, म्हणजे सरकारचा व्यवहार कर, २० रुपये. मुद्रांक शुल्क ३. झाले १४१. त्याच भावाला विकलेत, तर मुद्रांक सोडून बाकीचे १३८ पुन्हा. म्हणजे भाव जागेवर असताना २७९ रुपये गेले. बाजाराचं किरकोळ शुल्क वेगळं आणि विकताना गोदामातून माल काढल्याचा डीपी चार्जही वेगळा. हा चार्ज साधारण दर कंपनीमागे लागतो, मग तुम्ही एक शेअर विका नाहीतर शंभर. एकेक शेअर विकणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

दलालीचा दर दगडावरची रेघ नसतो. त्याच बँकेत वेगवेगळे प्लॅन असतात, आणि डिलिव्हरीवर दलालीच न घेणारे दलालही बाजारात आहेत. मी माझी पट्टी घेऊन विचारायला गेलो, तेव्हा माझा दर निम्मा झाला. न विचारता कुणी करून दिला नसता.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात, आणि लक्ष्मीपूजनाला शेअर बाजारही तासभर मुहूर्तासाठी उघडतो. गेल्या दिवाळीत मी त्यात एक शेअर घेतला, लिमिट ऑर्डरनं. त्याची पट्टी छापून आणली आणि जुन्या सवयीनं तारेत ओवून भिंतीला टांगली. आता तिथं तेवीस झाल्यात.