पिंजूचे मागचे पाय

पहाटेचे साडेपाच वाजले आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातील या बैठ्या घरात दिवा लागतो आणि आजोबा सर्वांत आधी पिंजूच्या अंगाखालचा कपडा तळहाताने चाचपून पाहतात. कपडा कोरडा असला तर रात्र नीट गेली असे समजायचे. ओला असला तर कोमट पाण्याचे भांडे आधी आणि चहा नंतर. पिंजू हा ७ वर्षांचा पांढरा ससा आहे. गेल्या दिवाळीपासून त्याचे मागचे दोन्ही पाय अशक्त झाले आहेत, आणि उभी हयात यंत्रमागावर काढलेल्या या माणसाचा दिवस आता त्या पायांच्या कलाने चालतो.

सशाचे बहुतेक बळ मागच्या पायांत असते, पण हाडे मात्र फार नाजूक असतात. त्याच्या सांगाड्याचे वजन शरीराच्या जेमतेम ७ ते ८ टक्के भरते. मांजराच्या बाबतीत तेच १२ ते १३ टक्के असते. त्यामुळे घाबरलेला ससा हातातून सुटण्यासाठी जोराने लाथ झाडतो, तेव्हा स्वतःच्याच स्नायूंच्या झटक्याने त्याचा पाठीचा कणा मोडू शकतो, आणि ही मोड बहुधा कमरेच्या शेवटच्या मणक्याजवळ होते. बाजारात ससा कानाला धरून उचलून दाखवतात, ते पाहून म्हणूनच अंगावर काटा येतो. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली आणि ससा आपल्या अंगाशी टेकलेला, अशीच त्याला उचलण्याची रीत असावी.

पिंजूचे दुखणे मात्र असे एका क्षणात आले नाही. आधी तो घाणीच्या ट्रेमध्ये चढेनासा झाला, मग शहाबादी फरशीवर त्याचे मागचे पाय दोन बाजूंना घसरू लागले, आणि पुढे डावे पाऊल फरफटत चालू लागले. वय झाले, एवढेच म्हणून घरच्यांनी काही आठवडे काढले, आणि तेवढा उशीर झाला याची खंत आजोबा आजही बोलून दाखवतात. मागचे पाय लुळे पडण्यामागे पडल्याची किंवा कणा दुखावल्याची इजा असू शकते, उतारवयात मणके एकमेकांना जखडल्याने आलेली वेदना असू शकते, तळपायांच्या जखमा किंवा अति वजनही असू शकते. याशिवाय एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा एक सूक्ष्म परजीवी सशाच्या मेंदूवर आणि मूत्रपिंडांवर हल्ला करतो; तो बाधित सशाच्या लघवीतून पसरतो, आणि त्यावर सहसा फेनबेंडाझोल हे औषध सलग २८ दिवस दिले जाते. कारण वेगळे तर उपचारही वेगळे, म्हणून पशुवैद्याची तपासणी आणि एक्स-रे यांना पर्याय नाही. पाय अचानक गेले असतील, तर सशाला मऊ कपडा घातलेल्या लहान खोक्यात हलू न देता त्याच दिवशी न्यावे.

पिंजूच्या एक्स-रेमध्ये कमरेचे मणके जखडलेले दिसले. त्याला आता मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मोजून दिले जाते आणि त्याची मात्रा पशुवैद्यच ठरवतात. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. घरात उरलेली माणसांची किंवा कुत्र्याची औषधे सशाला कदापि देऊ नयेत. तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मारून त्याचा जीव घेऊ शकते, आणि कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरले जाणारे फिप्रोनिल सशासाठी विषारी ठरते.

औषध दिवसात काही सेकंदांचे काम आहे. उरलेली सगळी शुश्रूषा जमिनीवर चालते. गुळगुळीत फरशीवर अशक्त पायांना पकड मिळत नाही आणि प्रत्येक घसरणीत कंबर पुन्हा दुखावते, म्हणून पिंजूची सारी जागा कपड्याने झाकलेली आहे. टॉवेलांच्या या शहरात कपड्याची वानवा नव्हती, तरी पहिल्याच आठवड्यात एक चूक लक्षात आली. जवळून पाहिले तर दिसते, सोलापुरी टॉवेलच्या पृष्ठभागावर सुताचे बारीक फासे उभे असतात. ते पाणी उत्तम शोषतात, पण सशाचे नख त्यात अडकते, आणि अडकलेला पाय सोडवताना पिंजूने एकदा नख उपटून घेतले. ज्या हातांनी वर्षानुवर्षे मागावर सूत जोडले, त्याच हातांनी आजोबांनी यावर तोड काढली. टॉवेल खाली राहिला आणि त्यावर बिनफाशाचे, लोकरीसारखे मऊ कापड आले. वरचे कापड लघवी खाली जाऊ देते आणि स्वतः बरेचसे कोरडे राहते. नखेही आता वेळेवर कापली जातात.

कोरडेपणाचा एवढा ध्यास कशासाठी, असे कोणी विचारेल. चालता न येणारा ससा लघवी करताना मागचा भाग उचलू शकत नाही. लघवी मांड्यांच्या केसांत मुरते, कातडी लाल होते, सोलवटते. त्यातच सशाच्या दोन प्रकारच्या लेंड्यांचा प्रश्न येतो. कोरड्या, गोल लेंड्या आपण पाहतो. परंतु लहानशा द्राक्षघडासारख्या चिकटलेल्या मऊ लेंड्या निरोगी ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, कारण त्यांतून त्याला जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. जखडलेल्या कमरेने पिंजूला तिथवर वळता येत नाही. मग त्या मऊ लेंड्या केसांत माखतात आणि वासाने माशा येतात. माशीने घातलेल्या अंड्यांतून उन्हाळ्यात २४ तासांच्या आत अळ्या निघू शकतात, आणि त्या जिवंत कातडी पोखरतात. म्हणून दिवसातून दोनदा पिंजूला मांडीवर आडवे घेऊन मागचा भाग उजेडात तपासला जातो. त्याला पूर्ण आंघोळ कधीच घालत नाहीत, कारण भिजलेला ससा घाबरतो आणि गारठतो. फक्त माखलेला भाग कोमट पाण्याने धुऊन, टिपून, मुळापर्यंत वाळवला जातो. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात रोजचे धुणे ही लहान गोष्ट नाही. पिंजूचा वाटा म्हणून दोन बादल्या वेगळ्या भरून ठेवलेल्या असतात.

आहाराचे सूत्र सोपे आहे, पण त्यात सवलत नाही. वाळलेले गवत दिवसभर तोंडापाशी हवे, कारण सशाचे आतडे थांबले की त्याचा जीव धोक्यात येतो. १२ तास त्याने काहीच खाल्ले नाही, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. लसूणघास सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम फार असते, आणि हालचाल मंदावलेल्या सशाच्या मूत्राशयात त्याचा गाळ साचतो. म्हणून प्रौढ सशाला तो रोज घालू नये. हरळी चालते. कोवळी ज्वारी मात्र मुळीच नको. तिच्यातील विषाने गुरे दगावतात, हे इकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पाण्याच्या उलट्या बाटलीपर्यंत मान उंचावणे पिंजूला जड जाते, म्हणून पाणी जड, पसरट भांड्यात ठेवले आहे.

एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४० अंशांच्या वर जातो. सशाला घाम येत नाही म्हटले तरी चालेल. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. धडधाकट ससा निदान सावलीकडे सरकतो, पिंजू ज्या जागी ठेवावा त्या जागी उन्हात तापेल. दुपारी त्याची जागा घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, माठाशेजारी असते, आणि कपड्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली त्याच्या पाठीशी टेकवून ठेवलेली असते.

पिंजू पुन्हा उड्या मारील असे पशुवैद्यांनी सांगितलेले नाही. त्यांनी सांगितले ते इतकेच, की तो आवडीने खातो का, मान उंचावून आजूबाजूला पाहतो का, दात करकरत कुबड काढून बसतो का, याची रोज नोंद ठेवा. वेदना औषधाला दाद देईनाशी झाली, तर त्याला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णयही आपल्यालाच घ्यावा लागेल. आजोबांच्या वहीत त्या नोंदी आहेत. आजच्या तारखेसमोर लिहिले आहे: मेथी सगळी खाल्ली.

संध्याकाळी नात शाळेतून येते. पिंजूला मागच्या पायाने कान खाजवता येत नाही, त्यामुळे कानात मळ साठतो. तो पाहणे आणि कानाच्या बुडाशी बोटाने खाजवणे हे काम तिच्याकडे आहे. ती खाजवू लागली की पिंजू डोळे अर्धवट मिटतो, आणि कपड्यावर पसरलेले त्याचे डावे पाऊल, जणू खाजवणारे तेच आहे, असे दोन-तीनदा हलते. ती बोट थांबवते, पाऊल थांबते. ती पुन्हा खाजवू लागते.