रोयण कुठल्या कपाटात?

(दृश्य : केपे तालुक्यातला एक गाव, सकाळ. झाडीत उभी रोयण. माथ्यावर हळदकुंकू, पायाशी अबोलीची फाती.)

मराठीत वारूळ. इथे गोव्यात रोयण. वाळवीनं कणाकणानं उभारलेली ही माती गोव्यातल्या कितीतरी गावांत सातेरी म्हणून पुजली जाते. सातेरी म्हणजे धरणीमाता, गावची राखणदारीण. पुढे देवळं उठली, कळस चढले, मुखवटे आले. पण काही गाभाऱ्यांत मुखवट्यामागे आजही रोयणच आहे.

आता समजा, हिच्यावर कुणी पुस्तक लिहिलं. ते ग्रंथालयात कुठल्या कपाटात जाईल?

(दृश्य : पुस्तकाच्या कण्यावर चिकटवलेली चिठ्ठी. तिच्यावर आकडा.)

मी काही वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात कॅटलॉगिंगचं काम केलंय. अशा प्रश्नानं झोप वगैरे उडत नाही, पण की-बोर्डवरचा हात थांबतो. वाळवी म्हणाल तर ५९५.७, कीटक. देवी म्हणाल तर २९४.५, हिंदू धर्म. गावची गोष्ट म्हणाल तर ३९८, लोकसाहित्य. पुस्तकाला कणा एक, चिठ्ठी एक, जागा एक. रोयण मात्र एकाच वेळी तिन्हीकडे. रोज सकाळी तिथे फूल ठेवणाऱ्या बाईला विचारा, वाळवी कुठे संपते आणि देवी कुठे सुरू होते? ती तुमच्याकडेच बघत राहील.

हे आकडे मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाचे. १८७६ साली त्यानं जगातलं सगळं ज्ञान दहा वर्गांत बसवलं. धर्माला मिळाले २०० ते २९९. त्यातले २२० पासून २८९ पर्यंतचे आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्माचे. बाकीच्या जगाचे सगळे देव २९० च्या दहा आकड्यांत, संध्याकाळच्या कदंबा बससारखे दाटीवाटीनं. अलीकडच्या आवृत्त्यांत डागडुजी झाली आहे. पण एकदा चिकटलेली चिठ्ठी कोण काढत बसतो?

गोव्यात या आकड्यांची खरी पंचाईत होते ती गावडा समाजापाशी. गावड्यांत काही हिंदू आहेत, काही ख्रिस्ती, आणि काही नवहिंदू. १९२८ साली मसूरकर महाराजांनी शुद्धीची मोहीम चालवली, तेव्हा ख्रिस्ती गावड्यांतले हजारो लोक हिंदू झाले. नवहिंदू म्हणजे त्यांचे वंशज. धर्माच्या आकड्यानं गेलात की एका समाजाची तीन कपाटं होतात. एक २९४.५ मध्ये, एक २८२ मध्ये, कॅथलिकांत, आणि नवहिंदूंचं त्या दिवशी ग्रंथपालाला सुचेल तिथे. शिवोलीच्या जागराला हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही एका मांडावर, म्हणजे गावाच्या सामाईक अंगणात, उभे राहतात. त्यांच्यावरची पुस्तकं काही एका फळीवर येत नाहीत.

नावांचं वेगळंच त्रांगडं. २००३ साली गोव्यातल्या गावडा, कुणबी आणि वेळीप या तीन समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे दीड लाख, म्हणजे दहातला एक. आता महाराष्ट्रातून आलेल्या तयार यादीतून तुम्ही 'कुणबी' हे विषयशीर्षक उचललंत, तर काय होतं? महाराष्ट्रात कुणबी इतर मागासवर्गात, तिथे त्या शब्दाभोवती वेगळंच राजकारण. काणकोणचा कुणबी त्या ढिगाऱ्यात गेला की पुन्हा सापडत नाही. 'कुणबी, गोवा' असं वेगळं शीर्षक करायला दोन मिनिटं लागतात. त्यासाठी ते दोन वेगळे लोक आहेत हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं, एवढंच.

(दृश्य : संगणकाचा पडदा. शोधपेटीत बोटं टाइप करतात : गावकारी.)

आमच्या कॅटलॉगमध्ये 'गावकारी' शोधलं की एक-दोन नोंदी यायच्या. 'कोमुनिदाद' शोधलं की पडदा भरायचा. गोष्ट तीच, गावची सामाईक जमीन आणि ती कसणारे गावकार. पण १५२६ साली आफोंसु मेशीया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं गावकारांचे रीतिरिवाज पोर्तुगीजांच्या दप्तरात 'फोराल' म्हणून उतरवून घेतले, आणि पुढे कागदावरचं नाव पोर्तुगीजच राहिलं. त्याच १५२६ साली केळोशीचे कृष्णदास शामा 'श्रीकृष्णचरित्रकथा' रचत होते. आज पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. ते ग्रंथालय १८३२ चं, पोर्तुगीज व्हाइसरॉयनं सुरू केलेलं. नाव बदलता येतं, दारावरचं तरी. आत, नोंदींमधलं, जरा चिवट असतं.

बरं, हे दुखणं आपलं एकट्याचं नाही.

(दृश्य : जगाचा नकाशा. कॅनडाचा पश्चिम किनारा जवळ येतो.)

१९७० च्या दशकात कॅनडात ब्रायन डिअर नावाचे ग्रंथपाल होते, काहनावागे वस्तीतले, मोहॉक या मूलनिवासी जमातीचे. मूलनिवासींच्या राष्ट्रीय संघटनेच्या ग्रंथालयाची मांडणी त्यांच्याकडे आली. तिकडच्या विद्यापीठांत चालणाऱ्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत मूलनिवासींची पुस्तकं एकगठ्ठा इतिहासाच्या वर्गात जायची. कायदा असो, औषध असो, विणकाम असो, सगळा इतिहास. म्हणजे ही माणसं होती, आता नाहीत, असं. डिअर यांनी ती पद्धत बाजूला ठेवून स्वतःची केली. शेजारी राहणाऱ्या, नात्यात असलेल्या जमातींची पुस्तकं फळीवरही शेजारी. व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 'ह्वायह्वा' नावाचं ग्रंथालय आहे, तिथे डिअर यांची पद्धत, थोडे फेरफार करून, अजून चालते. ह्वायह्वा हा स्क्वामिश भाषेतला शब्द. अर्थ : पडसाद.

न्यूझीलंडमध्ये माओरींनी आणखी वेगळा रस्ता धरला. त्यांनी आकड्यांना हात लावला नाही. त्यांनी शब्दांची यादी केली, माओरी भाषेतली विषयशीर्षकं, आणि शब्दांची नाती लावताना स्वतःच्या वंशावळीची रीत पाळली. यादीचं नाव 'ङा उपोको तुकुतुकु'. तुकुतुकु म्हणजे त्यांच्या सभागृहांच्या भिंतींवरची विणलेली जाळीदार पॅनेलं. विषयांच्या यादीला विणकामाचं नाव द्यावंसं वाटलं, हे मला फार आवडतं. आमच्या यादीला आम्ही 'मास्टर फाईल' म्हणायचो.

आता एक गंमत. गोव्यातल्या, खरं म्हणजे देशभरातल्या, अनेक कॉलेजांत ग्रंथालयाचं काम ज्या मोफत सॉफ्टवेअरवर चालतं, त्याचं नाव 'कोहा'. मीही रोज सकाळी ते उघडायची. हा लघुरूपाचा काहीतरी इंग्रजी प्रकार असावा, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. कोहा हा माओरी शब्द. २००० साली न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयात हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालू झालं, आणि तिथूनच नाव आलं. अर्थ : भेट. पण साधी भेट नव्हे. घेतली की कधीतरी परत करायची असते. आपल्याकडे त्याला आहेर म्हणतात.

(दृश्य : एक सीडी. कव्हरवर फुगडीसारख्या पोझमध्ये बायकांचा फोटो. नावं नाहीत.)

ही सीडी. धालोची गाणी. पौषाच्या रात्री मांडावर बायका जमतात, समोरासमोर ओळी धरतात, पुढेमागे झुलत गातात. काही गावांत पाच रात्री, काही गावांत सात किंवा नऊ. हिची नोंद मीच केली होती, पंधरा-एक वर्षांपूर्वी. आज ती काढून बघताना कानाच्या पाळ्या गरम होतात.

शीर्षक, धालो गीते. कर्ता, ज्यांनी टेपरेकॉर्डर नेला त्या गृहस्थांचं नाव. विषय, लोकनृत्य. भाषा, मराठी, कारण कव्हर मराठीत होतं. गाणाऱ्या नऊ बायका 'इत्यादी'मध्ये. तेही माझ्या नोंदीत नाही, कव्हरच्या मागच्या बाजूला.

एकेक बघू. नृत्य म्हणून ती ७९३ मध्ये गेली, बॉलरूमच्या शेजारी. भाषेचं तर विचारूच नका. त्या ओळी अर्ध्या कोंकणी, अर्ध्या मराठी वळणाच्या. एकाच कडव्यात दोन्ही. गोव्यात या प्रश्नावर लोक मोर्चे काढतात आणि जेवताना भांडतात. मी एका क्लिकमध्ये निकाल लावून मोकळी झाले होते. खरं तर नोंदीच्या सांच्यात दोन भाषांचे दोन कोड शेजारी शेजारी लिहायची सोय तेव्हाही होती. सांचा आडवा आला नव्हता, मी घाईत होते.

(दृश्य : मातीची सारवलेली ओसरी. आजी. शेजारी नात, कॉलेजचा ओळखपत्राचा पट्टा अजून गळ्यात.)

दक्षिण गोव्यातल्या एका कॉलेजात शिकणारी ही मुलगी वेळीप समाजातली. कॉलेजचं नाव नको, अशी तिथल्या ग्रंथपालबाईंची अट. प्रकल्पासाठी धालोवर काही शोधताना तिला कॅटलॉगमध्ये ही सीडी मिळाली. लावली, आणि तिसऱ्या गाण्यात तिला आजीचा आवाज ऐकू आला.

आम्ही आजींना विचारलं, हे गाणं कुणाचं? त्या म्हणाल्या, "हें म्हजें न्हय गो बाये, मांडाचें."

माझं नाही, मांडाचं.

नोंदीतल्या कर्त्याच्या रकान्यात व्यक्तीचं नाव लिहितात, हे मी शिकले होते. संस्थेचंही लिहिता येतं, महामंडळ, परिषद, खातं. तर मग मांड का नको? मांडाला जागा आहे, मानकरी आहेत, नियम आहेत, वर्षाचं वेळापत्रक आहे. कित्येक मंडळांपेक्षा जास्त शिस्त आहे. कोहामध्ये 'मांड', पुढे वाड्याचं आणि गावाचं नाव, असं प्रमाणशीर्षक, म्हणजे सगळ्या नोंदींत एकसारखं वापरायचं नाव, करून बघितलं. सॉफ्टवेअरनं हूं की चूं केलं नाही.

आजींना सीडी ऐकवली तेव्हा वैशाख होता. दोन ओळी ऐकून त्यांनी बंद करायला सांगितली. "आतां नाका." पौषातलं पौषात.

आम्ही गडबडलो. ग्रंथालय म्हणजे सगळं, सगळ्यांना, सगळ्या वेळी; आमची शिकवणच ती. पण जगात यावरही विचार झालेला आहे. 'लोकल कॉन्टेक्स्ट्स' नावाचा एक उपक्रम मूलनिवासी समाजांना आपल्या ठेव्यावर स्वतःच्या खुणा लावायची सोय देतो, पारंपरिक ज्ञानाची लेबलं. हे कोणाचं आहे, हे फक्त बायकांसाठी आहे का, असं सांगणारी. त्यात एक लेबल चक्क ऋतूचं आहे : हे अमुक काळातच ऐकावं किंवा बघावं. कुलूप नसतं, सूचना असते, पाळणं ऐकणाऱ्यावर. अधिकार एवढाच, की लेबल कुठलं ते समाज ठरवतो, ग्रंथपाल नाही.

ऋतूप्रमाणे ठेवणं गोव्याला नवंही नाही. पणजीच्या पुराभिलेखात पोर्तुगीज राजाशी झालेल्या पत्रव्यवहाराचे जे खंड आहेत, त्यांचं नावच 'मान्सूनची पुस्तकं'. जहाजं वाऱ्याबरोबर यायची-जायची, म्हणून पत्रंही मान्सूनच्या हिशेबानं बांधली गेली. राजाच्या पत्रांना मान्सून चालतो, तर आजींच्या गाण्याला पौष चालायला हरकत नसावी.

आणि आपल्या रंगनाथनांना, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राच्या जनकाला, विसरून कसं चालेल! १९३३ च्या त्यांच्या कोलन वर्गीकरणात देशांच्या यादीत २ हा आकडा मायदेशासाठी राखलेला आहे. ज्याचं ग्रंथालय, त्याचा देश आधी. शिवाय एका विषयाचे अनेक पैलू सुटे करून पुन्हा जोडायची युक्ती त्यांचीच. रोयणीला ती ड्यूईपेक्षा बरी मानवली असती. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत आम्ही त्यावर वीस मार्कांचं उत्तर लिहिलं, आणि नोकरीला लागल्या दिवशी ड्यूईचा खंड उघडला.

(दृश्य : ग्रंथालय, दुपार. पंख्याचा आवाज. पडद्यावर सीडीची नोंद, दुरुस्तीसाठी उघडलेली.)

तर ही नोंद आज पुन्हा लिहिली जातेय. भाषा दोन. विषय : धालो. नुसतं धालो, लोकनृत्याच्या पोटात नव्हे. शोधणाऱ्याला वाट सापडावी म्हणून 'लोकनृत्य'कडून इकडे एक दुवा. समाज : वेळीप. काळ : पौष, आजींच्या सांगण्यावरून. कर्ता : मांड. टेपरेकॉर्डरवाल्या गृहस्थांचं नावही राहतंय, 'ध्वनिमुद्रण' या रकान्यात. त्यांनी ते केलं नसतं तर आज आवाजच नसता.

राहिल्या गायिका. नऊपैकी आठ नावं नातीनं लिहून आणली आहेत. नवव्या बाईला वाड्यावर सगळे 'वयली मावशी' म्हणायचे, वरच्या घरातली मावशी. त्या आता नाहीत. पूर्ण नाव कुणालाच आठवत नाही. ग्रंथपालबाई म्हणतात, रिकामं नको, आजीला फोन लाव.

नात फोन लावते. स्पीकरवर कोंबडा आरवतो, मग आजींचा आवाज. नाव माहीत आहे त्यांना. फक्त त्या उलट विचारतात :

"खंयचें सांगूं? कुळारचें काय घोवागेलें?"

कुठलं सांगू? माहेरचं की सासरचं?

(दृश्य : पडद्यावर रकाना. कर्सर लुकलुकतोय.)