हे कोणाविषयी म्हटले आहे? मशीहाविषयीची भाकिते वाचण्याची रीत

मंडळी, प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात यरुशलेमेहून गज्जाकडे उतरणाऱ्या वाटेवर एक रथ चालला आहे. आत इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यशयाचा ग्रंथ मोठ्याने वाचत बसला आहे. सुवार्तिक फिलिप्प धावत रथाजवळ येतो आणि विचारतो, वाचतोस ते समजते का? तेव्हा खजिनदार उलट प्रश्न टाकतो: संदेष्टा हे कोणाविषयी बोलतो आहे, स्वतःविषयी की दुसऱ्या कोणाविषयी? भाकितांचा अभ्यास करणाऱ्याने पहिल्यांदा विचारायचा प्रश्न हाच. आपण मात्र उत्तरापासून सुरुवात करतो.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे आठवडे, जवळ आला की बायबलवर्गात एक तक्ता फिरू लागतो. डाव्या रकान्यात जुन्या करारातले वचन, उजव्या रकान्यात नव्या करारातले, मध्ये बाण. तक्ता खोटा नसतो, पण त्या बाणात सातशे वर्षे गडप होतात. मग एखादा चौकस तरुण डावीकडचा पूर्ण अध्याय उघडतो, तिथे भलताच प्रसंग पाहतो आणि आपली फसवणूक झाली असे समजतो. त्याचा राग समजण्यासारखा आहे. आज तो बाण थोडा उलगडून पाहू.

आधी शब्द पाहू. इब्री 'मशीहा' म्हणजे तेलाने अभिषेक केलेला. ग्रीकमध्ये तोच 'ख्रिस्त'. जुन्या करारात हा शब्द चाळीसच्या आत-बाहेर वेळा येतो आणि बहुतेक ठिकाणी तो त्या वेळच्या राजाला किंवा याजकाला लावलेला आहे. शौल अभिषिक्त, दावीद अभिषिक्त. इतकेच काय, यशया ४५:१ मध्ये पारसाचा परराष्ट्रीय राजा कोरेशसुद्धा अभिषिक्त आहे. म्हणून शब्दसूचीत 'मशीहा' शोधून ही आशा हाती लागत नाही. तिचे मूळ २ शमुवेल ७ मध्ये आहे, आणि तिथे हा शब्दच नाही. दाविदाचे सिंहासन सर्वकाळ टिकेल असे वचन तिथे मिळाले. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलने यरुशलेम जाळले, राजाला बेड्या घालून नेले, आणि सिंहासन रिकामे पडले. वचन देणारा खोटा नाही आणि सिंहासनावर कोणी नाही: या दोन गोष्टी एकाच वेळी मानणाऱ्या लोकांकडे वाट पाहणे एवढेच उरले.

ही वाटही एका ठरीव व्यक्तीची नव्हती. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या यहुदी गुंडाळ्यांत अहरोनाचा एक आणि इस्राएलाचा एक अशा दोन अभिषिक्तांची अपेक्षा आहे. कोणी अनुवाद १८:१५ मधल्या मोशेसारख्या संदेष्ट्याची वाट पाहत होते, कोणी दानीएल ७ मधल्या, मेघांसह येणाऱ्या मनुष्याच्या पुत्राची. गणना २४:१७ मधला याकोबातून उगवणारा तारा इ. स. १३२ मध्ये रोमविरुद्ध उठलेल्या बार कोखबावर लावला गेला; तसे म्हणणारा रब्बी अकिवा हा त्या काळचा मोठा विद्वान. 'सगळे ठळक लिहिले होते, तरी त्यांना दिसले नाही' असे यहुदी लोकांबद्दल आपण सहज बोलून जातो. ते अज्ञानाचे बोलणे आहे, आणि त्याने इतिहासात फार नुकसान केले आहे.

आता एकच वचन नीट उकलू या, यशया ७:१४. इ. स. पू. ७३५ च्या सुमाराची गोष्ट. दिमिष्कचा रसीन आणि इस्राएलचा पेकह एक होऊन यहूदावर चालून आले आहेत. राजा आहाज वरच्या तळ्याच्या पाटापाशी असताना यशया त्याला गाठतो. वेढा पडणार असेल तर पाणी पाहणे आलेच. चिन्ह असे: तरुण स्त्री गर्भवती आहे, तिला मुलगा होईल, त्याचे नाव इम्मानुएल. तक्ता इथे थांबतो. तुम्ही आणखी दोन वचने पुढे जा. वचन १६ म्हणते, त्या मुलाला वाईट टाकून चांगले निवडण्याची समज येण्याआधी, ज्या दोन राजांची तुला धास्ती आहे त्यांचा देश ओस पडेल. इ. स. पू. ७३२ मध्ये अश्शूरने दिमिष्क घेतले, ७२२ मध्ये इस्राएलची राजधानी शोमरोन पडली. म्हणजे चिन्हाला आहाजच्या काळातच मुदत होती. सातशे वर्षांनी जन्मणारे बाळ हेच एकमेव उत्तर मानले, तर वचन १६ चे काय करायचे?

मग हे वचन येशूच्या जन्माला लावणारा मत्तय चुकला का? इथे दोन सोप्या पळवाटा आहेत आणि दोन्ही टाळाव्यात. पहिली टीकाकारांची: इब्री 'अल्मा' म्हणजे लग्नाच्या वयाची मुलगी, ग्रीक भाषांतरात तिची 'पार्थेनॉस' म्हणजे कुमारी झाली, आणि मत्तय चुकीच्या भाषांतरावर उभा राहिला. पण ते ग्रीक भाषांतर यहुदी भाषांतरकारांनीच केले होते, तेही येशूच्या आधी. दुसरी पळवाट आपली: 'अल्मा' म्हणजे कुमारीच, विषय संपला. तसे ठामपणे सांगायचे असते तर 'बेतूला' हा शब्द अधिक जवळचा होता. एका शब्दावर इतका भार टाकायची गरजच नाही. इम्मानुएल हे नाव आठव्या अध्यायात पुन्हा दोनदा येते, नवव्यात आपल्यासाठी जन्मलेला बाळ येतो, अकराव्यात इशायाच्या, म्हणजे दाविदाच्या बापाच्या, बुंध्याला धुमारा फुटतो. आहाजच्या वेळचे चिन्ह यशयाच्याच ग्रंथात त्या काळापलीकडे वाढत जाते. मत्तय ती वाढ उचलतो. त्याचे शुभवर्तमान 'देव आमच्याबरोबर' या अर्थाच्या नावाने सुरू होते आणि 'मी तुमच्याबरोबर आहे' या वाक्याने संपते.

'पूर्ण व्हावे म्हणून' अशा धाटणीचे वाक्य मत्तयात साधारण दहा वेळा आहे. 'पूर्ण' म्हटले की आपल्या मनात अंदाज खरा ठरणे एवढाच अर्थ येतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ भरणे, काठोकाठ भरणे असा आहे. होशेय ११:१ घ्या: मी माझ्या पुत्राला मिसरातून बोलावले. तिथे पुत्र म्हणजे इस्राएल राष्ट्र आणि क्रियापद भूतकाळी. पुढच्याच वचनात ते राष्ट्र मूर्तींना धूप जाळते आहे. यात भाकीत शोधू गेलात तर हाती काही येणार नाही. मत्तय भाकीत सांगतच नाही. तो साचा दाखवतो. येशू मिसरातून परत येतो, पाण्यातून जातो, चाळीस दिवस रानात राहतो, आणि सैतानाच्या तिन्ही प्रश्नांना अनुवादाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली वचने उत्तरादाखल देतो. ही वचने इस्राएलच्या रानातल्या चाळीस वर्षांचीच आहेत. जिथे पहिला पुत्र अडखळला तिथे दुसरा उभा राहतो, हे त्याचे म्हणणे. साचा आणि भाकीत यांत गल्लत केली की होशेयवर अन्याय होतो आणि मत्तयही बनवाबनवी करणारा वाटू लागतो.

सरळ भाकितासारखी वाचली गेलेली वचनेही आहेत. मीखा ५:२ मधले बेथलेहेम घ्या. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणे हेरोदाच्या शास्त्र्यांनीच ते उत्तर दिले. इब्री बायबलात हेच वचन ५:१ आहे, तेव्हा आकडा जुळला नाही म्हणून गोंधळू नका. काही ठिकाणी खरी अडचण आहे आणि ती लपवू नये. मत्तय २:२३ म्हणते की 'त्याला नासोरी म्हणतील' हे संदेष्ट्यांनी सांगितले होते. असे वाक्य जुन्या करारात कुठेच नाही. 'संदेष्ट्यांनी' हे अनेकवचन आहे, आणि यशया ११:१ मधला 'नेत्सेर' म्हणजे अंकुर हा शब्द कानाला जवळचा आहे, म्हणून अनेक अभ्यासक तिकडे बोट दाखवतात. मत्तय २७:९ मध्ये तीस रुप्यांचे वचन यिर्मयाच्या नावावर आहे, पण शब्द मुख्यतः जखऱ्या ११ चे आहेत. वर्गात कोणी हे विचारले तर 'विश्वास ठेवा' हे उत्तर नव्हे.

आता पाठाविषयी, म्हणजे मूळ अक्षरे काय आहेत त्याविषयी. स्तोत्र २२:१६ मध्ये 'त्यांनी माझे हातपाय विंधले' असे आपण वाचतो. परंपरागत इब्री पाठात तिथे 'सिंहासारखे' असे आहे. दोन्हींतला फरक शब्दाच्या शेवटच्या एका अक्षराचा, तेही एकमेकांसारखे दिसणारे. एकाची दांडी आखूड, दुसऱ्याची लांब. नहाल हेवेर इथे सापडलेल्या जुन्या तुकड्यात लांब दांडीचे अक्षर, म्हणजे क्रियापद आहे, आणि ग्रीक भाषांतरही क्रियापदच देते. पण गंमत अशी की नव्या करारात हे वचन कुठेच उद्धृत केलेले नाही. वधस्तंभाच्या वर्णनात स्तोत्र २२ मधली आरंभाची हाक येते, डोकी हलवणारे येतात, वस्त्रांवरच्या चिठ्ठ्या येतात. भोसकण्यासाठी मात्र योहान जखऱ्या १२:१० कडे जातो. प्रेषितांनी जे वचन वापरले नाही त्यावर आपण सगळा डाव लावू नये.

उलट बाजूची चूकही जुनी आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन हुतात्म्याने त्रिफो नावाच्या यहुद्याशी झालेल्या संवादात आरोप केला की स्तोत्र ९६ मधले 'लाकडावरून परमेश्वर राज्य करतो' यातले 'लाकडावरून' हे शब्द यहुद्यांनी गाळले. कोणत्याही इब्री हस्तलिखितात ते शब्द नाहीत. ती ख्रिस्ती हाताची भर होती. जस्टिन प्रामाणिक होता, त्याची प्रत सदोष होती.

१९४७ मध्ये कुमरानला मिळालेली यशयाची मोठी गुंडाळी सुमारे सात मीटर लांब आहे आणि इ. स. पू. दुसऱ्या शतकातली मानली जाते. दुःख सोसणाऱ्या सेवकाचा त्रेपन्नावा अध्याय येशूनंतर रचला गेला असे म्हणायला तिने जागा ठेवली नाही. पण तो कोणाविषयी, हे ती सांगत नाही. यशया ४१ आणि ४४ मध्ये 'माझा सेवक' म्हणजे इस्राएल. ४९:३ मध्येही इस्राएल. आणि लगेच ४९:५-६ मध्ये तोच सेवक इस्राएलला परत आणायला पाठवलेला. एकाच वेळी राष्ट्रही आणि राष्ट्रासाठी उभा राहिलेला एक जणही. राशीसारख्या मध्ययुगीन यहुदी भाष्यकाराने राष्ट्राची बाजू धरली. त्याआधीच्या तर्गुमात, म्हणजे अरामी भाषांतरात, सेवक मशीहा आहे, पण दुःख त्याच्यावरून काढून इतरांवर घातले आहे. दुःख भोगणारा मशीहा हे पचवायला सगळ्यांनाच जड गेले, पेत्रालाही.

सर्वांत जास्त घसरगुंडी आकड्यांत होते. दानीएल ९ मध्ये सत्तर सप्तके, म्हणजे सात-सात वर्षांचे गट, आहेत. अभिषिक्तापर्यंत सात आणि बासष्ट, म्हणजे एकोणसत्तर धरा. ६९ गुणिले ७ म्हणजे ४८३ वर्षे. कोरेशच्या इ. स. पू. ५३८ च्या फर्मानापासून मोजले तर इ. स. पू. ५५ येते, येशूच्या जन्माच्या कितीतरी आधी. नहेम्या २ मधल्या ४४५ पासून मोजले तर इ. स. ३९, फार उशिरा. म्हणून एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट अँडरसनने वर्ष ३६० दिवसांचे धरले: १,७३,८८० दिवस, म्हणजे सुमारे ४७६ सौर वर्षे, आणि तो इ. स. ३२ ला पोचला. एज्रा ७ मधल्या ४५८ पासून साधी वर्षे मोजणारे इ. स. २६ ला पोचतात. इ. स. पू. १ नंतर लगेच इ. स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. हे विसरले की एक वर्षाची चूक ठरलेली. यहुद्यांवर राज्य करणारा ग्रीक राजा अंतियोख चौथा आणि इ. स. पू. १६७ मधली मंदिराची विटंबना यांवर हा अध्याय लावणाऱ्या अभ्यासकांचीही ४९० वर्षे नेमकी बसत नाहीत. शेवट आधी ठरवून आरंभ निवडला तर गणित जुळते, पण त्या जुळण्याला पुरावा म्हणता येत नाही.

याची किंमत विल्यम मिलरच्या अनुयायांनी मोजली. दानीएल ८:१४ मधले २३०० दिवस त्यांनी वर्षे धरली, इ. स. पू. ४५७ पासून मोजली आणि ख्रिस्ताच्या परत येण्याचे १८४३ हे वर्ष काढले. मुदत टळल्यावर शून्य वर्षाची दुरुस्ती धरून १८४४ आणि त्यातला २२ ऑक्टोबर हा दिवस नक्की झाला. काहींनी शेतातले पीक उभेच ठेवले होते.

आठ भाकिते योगायोगाने जुळण्याची शक्यता एकावर सतरा शून्यांत एक, असाही हिशेब प्रवचनांत ऐकू येतो. शक्यतांचा गुणाकार एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांनाच लागू पडतो. दाविदाचे घराणे आणि दाविदाचे गाव बेथलेहेम यांचा संबंध उघड आहे. आणि गाढवावर बसून येणाऱ्या राजाचे जखऱ्या ९:९ माहीत असलेला माणूस गाढवावर बसून यरुशलेमेत शिरतो तेव्हा तो योगायोग नसतो. तो जाणूनबुजून काहीतरी जाहीर करत असतो. ते समजून घेणे त्या सतरा शून्यांपेक्षा मोलाचे आहे.

एक प्रश्न यहुदी वाचक नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे: मशीहा आला असेल तर तलवारींचे फाळ कुठे झाले? लांडगा कोकराजवळ कुठे बसला? ख्रिस्ती उत्तर दोन आगमनांचे आहे: एक झालेले, एक अजून व्हायचे. जस्टिनही तेच देतो. जुन्या करारात ही दोन आगमने अशी वेगळी मांडलेली नाहीत, हे मान्य करून पुढे जावे. ही फोड लूक ४ मध्ये दिसते. नासरेथच्या सभास्थानात येशू यशया ६१ वाचतो. परमेश्वराच्या प्रसादाच्या वर्षापर्यंत येतो, आणि वाक्य अर्धवट असताना ग्रंथ गुंडाळून सेवकाच्या हाती देतो. पुढचे शब्द आहेत 'आमच्या देवाच्या सूडाचा दिवस'. 'आज पूर्ण झाले' हे तो वाचलेल्या अर्ध्याबद्दल म्हणतो. वर्गासाठी तक्ता करायचाच असेल तर यशया ६१:२ ची दोन तुकड्यांत फोड करा, आणि दुसऱ्या तुकड्यासमोरचा उजवा रकाना कोरा ठेवा.