या बागेत नांग्या भरता येत नाहीत

(दृश्य: आयर्विन पूल, पहाट. दगडी खांबावरची फुटांची पट्टी. खाली कृष्णा संथ.)

पावसाळ्यात सांगलीत माणसं एकमेकांना दोनच आकडे विचारतात. आयर्विनला किती फूट झालं, आणि कोयनेतून किती सोडलंय.

या पट्टीवर 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये इथंच पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पण नदीकाठी घर असलेला माणूस पुलावर जाऊन, पट्टी बघून सामान हलवत नाही. त्याचे कान कोयनेकडं असतात. पट्टीवर पाणी चढलेलं दिसतं, तोवर ते धरणातून निघून बराच वेळ झालेला असतो.

ही फिल्म पुरावर नाही. माझ्या मामांच्या किडनीवर आहे.

(दृश्य: तासगाव तालुका. द्राक्षबाग. मामा पाठमोरे, काडी बांधताना.)

मामांची दीड एकर बाग. शुगर पंधरा वर्षांची, गोळ्या चालू, कधी वेळेवर, कधी फवारणीच्या धांदलीत विसरलेल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लक्षात आलं की लघवीला फेस येतोय, आणि बादलीभर पाणी ओतलं तरी तो पूर्ण जात नाही. मामींना वाटलं, संडास धुवायचं लिक्विड राहिलं असेल.

एका दवाखान्यात दाखवलं. तिथं रक्त घेतलं, क्रिएटिनीन काढलं; किडनी रक्तातून बाहेर टाकते त्यातला हा एक कचरा. 1.1.

"नॉर्मल हाय म्हणालं की रं," मामा फोनवर म्हणाले. लघवी तपासायची राहून गेली. पुढं आठ महिने ती राहूनच गेली, आणि मग एक दिवस चप्पल पायात जाईना.

क्रिएटिनीन ही आयर्विनची पट्टी आहे. ती खोटं बोलत नाही, उशिरा बोलते. किडनीचं निम्म्याच्या आसपास काम गेलं तरी हा आकडा पुष्कळदा नॉर्मलच्या चौकटीत बसतो, कारण उरलेला भाग जादा काम ओढत असतो. कोयनेची बातमी लघवीत असते. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन तिथं उतरायला लागतं, आणि ते का उतरतं हे बघायचं तर फार बारीक जागी जावं लागतं.

(दृश्य: ग्राफिक. किडनी, मग तिच्या आतला एक गोल गुच्छ.)

एका किडनीत असे साधारण दहा लाख गुच्छ. प्रत्येक गुच्छ म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं वेटोळं, रुंदी जेमतेम मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. दोन्ही किडन्यांतले सगळे गुच्छ मिळून दिवसाला 180 लिटर पाणी गाळतात. शेतावरचा दोनशे लिटरचा बॅरल डोळ्यांसमोर आणा. तो जवळजवळ भरेल. त्यातलं बहुतेक सगळं पाणी पुढच्या नळ्या परत रक्तात ओढून घेतात, आणि दीड-दोन लिटर लघवी उरते.

शाळेत आपल्याला किडनी म्हणजे चाळणी असं शिकवलं. मला हा शब्द आता खटकतो. चाळणीला भोकं असतात आणि ती पत्र्यात कायमची पाडलेली असतात. इथली भोकं दर क्षणाला कोणीतरी धरून ठेवलेली आहेत.

धरणारीचं नाव पोडोसाइट. पोडो म्हणजे पाय; ही पायवाली पेशी.

(दृश्य: बाग. कॅमेरा खोडावरून वर, ओलांड्यावर, मग काडीवर. शेवटी तारेला विळखा घातलेली एक बाळी, अगदी जवळून.)

मामांना मी हे बागेतच समजावलं, कारण या पेशीची ठेवण हुबेहूब वेलीसारखी आहे. मधे खोड. त्यातून निघालेले जाड ओलांडे. ओलांड्यांवर काड्या. काड्यांची टोकं रक्तवाहिनीला बाहेरून अशी धरून, जशी बाळी तारेला धरते. शेजारच्या वेलीच्या काड्याही त्याच तारेवर. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे एक पाय हिचा, एक शेजारणीचा. मधे जी फट राहते ती 40 नॅनोमीटरच्या आसपास. मिलिमीटरचे पंचवीस हजार भाग केले तर त्यातला एक.

या फटीत प्रोटीनचं विणकाम आहे. मुख्य धागा नेफ्रिन. एका पायातून निघालेलं नेफ्रिन समोरच्या पायातून आलेल्या नेफ्रिनला फटीच्या मधोमध जाऊन भिडतं, जर्किनच्या चेनसारखं. पेशीच्या कडेला नेफ्रिनला जागेवर धरतं ते पोडोसिन. आणि आतून पायाला आकार देतात ते अॅक्टिनचे दोर.

नेफ्रिन सापडलं 1998 साली, आणि तेही फिनलंडच्या बाळांमुळं. तिथं काही मुलं जन्मतःच लघवीवाटे भरमसाट प्रोटीन घालवत. कार्ल ट्रिग्वासन यांच्या गटानं त्यामागचं जनुक शोधलं, तर कळलं की या मुलांत नेफ्रिन बनतच नाही किंवा सदोष बनतं. चेनचे दातेच नाहीत. दोन वर्षांनी, 2000 साली, पॅरिसमधल्या संशोधकांना पोडोसिनचं जनुक मिळालं.

पोडोसिनची गोष्ट मला जास्त चटका लावून जाते. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ; हे 383 मण्यांचं. त्यातला 138 वा मणी बदलला, आर्जिनिनच्या जागी ग्लुटामिन आलं, की घडी नीट बसत नाही. प्रोटीन तयार होतं, पण पेशीच्या आतल्या कारखान्यातच अडकून पडतं. पेटी भरली, गाडीत चढलीच नाही. फटीपाशी पोडोसिन पोचत नाही, नेफ्रिनला आधार मिळत नाही, आणि मूल सुजायला लागतं. डोळ्यांभोवतीची सूज सकाळी जास्त दिसते, दुपारपर्यंत ओसरते, म्हणून घरचे म्हणतात झोप जास्त झाली. लहान मुलांतली अशी सूज बहुतेक वेळा स्टेरॉइडनं उतरते. उतरत नाही तेव्हा डॉक्टर ही जनुकं तपासायचा विचार करतात, कारण मणीच चुकीचा असेल तर स्टेरॉइड काय करणार?

सैल पकडीनंच बिघडतं असंही नाही. अॅक्टिनचे दोर एकत्र बांधणारं एक प्रोटीन आहे, अल्फा-अॅक्टिनिन-4. काही घराण्यांत ते असं बदललेलं असतं की दोर गरजेपेक्षा घट्ट बांधतं. पेशी ताठरते, रक्ताच्या दाबाबरोबर लवत नाही, आणि मोठेपणी किडनीवर व्रण पडत जातात. हे ऐकून मामांनी हातातली सुतळी दाखवली. "आवळून बांधली की काडीला काच पडतोय. हितनं पुढं वाळतीया."

(दृश्य: सुतळीचा काच पडलेली काडी. पाच सेकंद, निवेदन नाही.)

आता मामांचं. त्यांची जनुकं ठीक असतील. त्यांची प्रोटीनं जन्मानंतर बिघडली.

साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की ती प्रोटीनांना चिकटते. पोडोसाइट ज्या पापुद्र्यावर उभी असते तो जाड होतो, तिचे पाय जिथं रुतलेले असतात ती पकड ढिली होते. गुच्छातला दाब वाढतो. पेशीतलं नेफ्रिन कमी व्हायला लागतं. शिवाय नेफ्रिनच्या शेपटीवर फॉस्फेटचे लहान ठिपके चढत-उतरत असतात. त्यांच्यामार्फत फटीतली खबर आतल्या दोरांना मिळते. हा चढ-उतार बिघडला की दोरांची मांडणी विस्कटते आणि पाय आखडतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली गुंफलेली बोटं दिसायची तिथं एक सपाट पत्रा दिसतो. काही आजारांत हे उलट फिरू शकतं. औषध लागू पडलं की पाय पुन्हा फुटतात.

पण पेशी सुटून लघवीत वाहून गेली, तर तिच्या जागी नवी येणं जवळपास नाहीच. पोडोसाइट सहसा विभागत नाही. मामांनी हे दोनदा विचारलं. बागेत वेल मेली तर पुढच्या हंगामात नांग्या भरता येतात, म्हणजे मोकळ्या जागी नवी वेल लावता येते. इथं शेजारच्या वेली ओलांडे लांबवून मोकळी तार झाकायचा प्रयत्न करतात, आणि त्या ताणानं त्याही सुटू शकतात. उंदरांवरच्या प्रयोगांत साधारण पाचव्या हिश्श्याहून जास्त पोडोसाइट गेल्या की गुच्छावर व्रण धरायला लागले.

आणखी एक वाट आहे, तिथं प्रोटीन निर्दोष असूनही मार खातं. 2009 साली दिसून आलं की मेम्ब्रेनस नावाच्या किडनीच्या आजारात बहुतेक रुग्णांचं शरीर स्वतःच्याच पोडोसाइटवरच्या एका प्रोटीनविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. ती आता रक्तात मोजता येते. 2022 नंतर काही रुग्णांत थेट नेफ्रिनविरुद्धच्या अँटिबॉडीही मिळाल्या आहेत. वर्षानुवर्षं "कारण अज्ञात" लिहिलेल्या फायलींना आता कारण मिळू लागलंय.

(दृश्य: लॅब. परीक्षानळीत लघवी, खाली ज्योत. वरचा थर हळूहळू पांढरा होतो.)

1827 साली लंडनमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर हेच करायचे, चमचा आणि मेणबत्ती घेऊन. अंड्याच्या पांढऱ्यासारखं साकळलं की प्रोटीन आहे. आजची तपासणी सकाळच्या थोड्या लघवीवर होते, नाव एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनीन यांचं प्रमाण. 30 च्या आत ठीक. फेस प्रत्येक वेळी प्रोटीनचाच असतो असं नाही, जोरात धार पडली तरी येतो; म्हणून मोजायचं. शुगरवाल्यांनी वर्षातून एकदा तरी.

मामांचा पहिला आकडा 640.

डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिलं, जे गुच्छातला दाब उतरवतं. मग डापाग्लिफ्लोझिन; मूळचं शुगरचं औषध, पण शुगर नसलेल्या किडनीच्या रुग्णांनाही त्याचा फायदा होतो हे 2020 च्या मोठ्या चाचणीत दिसलं. फवारणीनंतर पाठ दुखली की घ्यायची ती दुकानातली वेदनाशामक गोळी बंद. तिचं पाकीट मामा अजून शर्टाच्या खिशात ठेवतात, सवयीनं.

महिन्याभरानं क्रिएटिनीन 1.1 चं 1.3 झालं. मामा हबकले, गोळ्या सोडायला निघाले. दाब उतरला की सुरुवातीला हा आकडा थोडा वर जातो, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्याच दिवशीचा एसीआर होता 280.

"म्हंजे पुलावर पाणी चढलंय," मामा म्हणाले, "पण कोयनेनं दारं खाली घेतल्यात."

(दृश्य: मामांचं घर. भिंतीवरचं कॅलेंडर, पेनानं लिहिलेले आकडे.)

हे कॅलेंडर फवारणीचं आहे. कुठल्या तारखेला कुठलं औषध, किती लिटर पाण्यात. त्याच्याच कोपऱ्यात आता 640, मग 280, मग 190. पुढचा चौकोन ऑक्टोबरच्या छाटणीच्या आठवड्यात येत होता. तिथं बाण काढून मामांनी तो आठ दिवस अलीकडं घेतलाय, कारण छाटणी सुरू झाली की मिरजेला जायला सवड नसते.