लेदरच म्हणायचं!

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या शेजारच्या अण्णांनी नुकतीच विजेवर चालणारी गाडी घेतली. पूजा झाली, चाकाखाली लिंबू फुटलं, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन अण्णा सीटकव्हरच्या दुकानात हजर. गाडीच्या मूळ सीट कापडाच्या. त्यांना हवं होतं लेदर. दुकानदारानं तपकिरी नमुना पुढ्यात टाकला. मी तो उलटा केला. खाली विणलेलं कापड दिसत होतं. म्हटलं, "दादा, हे लेदर आहे?" तो हसला. "काका, लेदरच म्हणायचं!"

म्हणजे आपलं जुनं रेक्झिन. नाव बदललं, आता त्याला लेदरेट म्हणतात. कापडावर पीव्हीसी नाहीतर पॉलियुरेथेनचा थर; दोन्ही प्लास्टिकच. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात आणखी रसायनं घालावी लागतात, आणि फाटल्यावर ते कुजत नाही. पेट्रोल नको म्हणून घेतलेल्या गाडीत अण्णा खनिज तेलापासून बनलेल्या वस्तूवर बसणार होते.

मग खरं चामडं बरं का? त्याचीही गोष्ट ऐका. कातडं नुसतं वाळवून चालत नाही, ते कमवावं लागतं, म्हणजे कुजू नये म्हणून सालींच्या किंवा रसायनांच्या पाण्यात मुरवावं लागतं. आपल्याकडे पूर्वी बाभळीची साल, हिरडा, तरवड यांत कातडी भिजत पडत. कोल्हापुरी चपलेचं चामडं अजूनही तसं कमावतात. त्याला आठवडे लागतात. जगाला तेवढा धीर नाही, म्हणून आज सुमारे ८० टक्के चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलं जातं. काम दिवसाभरात उरकतं, कातडं निळसर दिसतं. प्रश्न उरलेल्या पाण्याचा. ते शुद्ध न करता सोडलं की काय होतं, हे कानपूरच्या जाजमऊ या चामड्याच्या कारखान्यांच्या भागात गंगेनं भोगलं आहे.

त्याआधी गुरं येतात. त्यांच्या पोटातून निघणारा मिथेन वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २८ पट हवा तापवतो. ब्राझीलमध्ये गुरांच्या कुरणांसाठी ॲमेझॉनचं जंगल तोडलं गेलं. कातडं हे मांसाच्या धंद्यातलं उरलंसुरलं, ते वाया का घालवायचं, असं चामडेवाले म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण त्या उरल्यासुरल्याचेही पैसे होतात, आणि ते त्याच धंद्यात जातात.

व्होल्व्हो कंपनीनं २०२१ मध्ये जाहीर केलं, की आपल्या पूर्ण विजेवरच्या गाड्यांत चामडं वापरणार नाही. छान. पण चामडं काढून तिथं काय बसवलं, हे विचारायला हवं.

उत्तरं कुठून येतील सांगू? २०१३ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यूच्या आय-थ्री या विजेच्या गाडीत दारांच्या आतल्या बाजूला केनाफचा धागा वापरला होता. केनाफ म्हणजे आपली अंबाडी! जिची भाजी आपण लसणाच्या फोडणीनं खातो, जिच्या वाखाचे दोर आजोबा वळायचे, ती. त्याच गाडीत जे चामडं होतं, ते ऑलिव्हच्या पानांच्या अर्कानं कमावलेलं. इटलीतल्या व्हेजिआ कंपनीनं तर वाइन गाळून उरलेल्या द्राक्षांच्या साली-बियांपासून चामड्यासारखं कापड केलं, आणि बेंटलीनं २०१९ मध्ये विजेच्या नमुना-गाडीत ते वापरलं. त्यातही पॉलियुरेथेन मिसळतात, हेही सांगून टाकतो. तरी हंगामात नाशिकच्या वायनरीबाहेर चोथ्याचा ढीग दिसला, की मला ती गाडी आठवते.

दुकानात मात्र अण्णांना यातलं काही पटेना. शेवटी मी सीटच्या कडेला शिवलेली बारीक पट्टी दाखवली. त्यावर एअरबॅग असं लिहिलं होतं. म्हटलं, "अण्णा, बाजूची एअरबॅग इथून फुटून बाहेर येते. वर घट्ट कव्हर चढवलं तर ती अडकेल. शिवाय मे महिन्यात गाडी उन्हात ठेवून रेक्झिनवर बसा, पाठ भाजेल. मग एसी जोरात लावाल, आणि तो तुमची बॅटरी खाईल."

बॅटरी म्हटल्यावर अण्णा थबकले. दुकानदारानं शेवटचा प्रयत्न केला, "निदान स्टिअरिंगला तरी घाला!"

काही न घेता आम्ही परतलो. आता गाडीच्या मागच्या सीटवर अण्णांची सोलापुरी चादर आहे, नातवंडांच्या चिखलाच्या पायांसाठी.